खासगी जंगल राखण्याचा करार: सातबाऱ्यापासून वार्षिक पाहणीपर्यंत

मालकाला दरवर्षी ठरलेला मोबदला द्यायचा आणि त्या बदल्यात त्याने ठरलेली वर्षे जंगल उभे ठेवायचे, असे करार कोकणात होतात. संगमेश्वर तालुक्यात पुण्याच्या एईआरएफ (अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन) या संस्थेने खासगी जंगलमालकांशी ते केले आहेत. आता तालुक्यातल्या लहान संस्था आणि गावातली मंडळेही त्या वाटेने जाऊ पाहतात. बहुतेकांचे चुकते ते एकाच ठिकाणी. करार होतो, झाडाखाली सगळ्यांचा फोटो निघतो, आणि तिसऱ्या वर्षी वरच्या कोपऱ्यातले दोन बेहडे करार करताना होते की नव्हते यावर वाद झाला की फाइलमध्ये उत्तर सापडत नाही.

हा लेख त्या फाइलसाठी आहे. डोळ्यापुढे रत्नागिरी जिल्ह्यातले दोन-अडीच हेक्टरचे, डोंगरउतारावरचे, ऐन-किंजळ-बेहड्याचे जंगल धरले आहे. घाटावरच्या किंवा विदर्भातल्या वाचकांनी झाडे आणि महिने बदलून घ्यावेत.

सुरुवातीलाच एक सांगतो. अमेरिकेतल्या ‘कॉन्झर्वेशन ईझमेंट’चा (जमीन राखण्यासाठी मालक ट्रस्टला देतो त्या हक्काचा) नमुना नेटवरून उतरवून त्याचे मराठी करू नका. तिथे तो हक्क जमिनीला चिकटतो, मालक बदलला तरी सुटत नाही, आणि तो घेणाऱ्या ट्रस्टची शेजारी स्वतःची जमीन असावी लागत नाही. आपल्याकडे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात असा हक्क एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो. ज्या संस्थेची लगत जमीनच नाही तिला तो मिळत नाही. तिथून उचलायची ती पाहणीची शिस्त. लँड ट्रस्ट अलायन्स या तिथल्या ट्रस्टांच्या संघटनेच्या मानकांप्रमाणे प्रत्येक ईझमेंटची दर कॅलेंडर वर्षात निदान एक पाहणी व्हावी लागते. ती विमानातून किंवा उपग्रहावरून केली तरी पाच वर्षांतून एकदा पायी जावेच लागते. आपल्या दोन हेक्टरला तर उपग्रहाचे निमित्त सांगायलाही जागा नाही.

## टप्पा १: आधी कागद, मग जंगल

जंगल बघायला जाण्याआधी पुढचे कागद हातात हवेत: डिजिटल सहीचा ताजा सातबारा, ८-अ, सातबाऱ्यावर उल्लेख असलेले सगळे फेरफार, आणि गट नकाशा. जंगल बघून मन बसले की माणूस कागदांकडे काणाडोळा करतो, म्हणून हा क्रम.

सातबारा वाचताना खातेदारांची नावे शेवटपर्यंत वाचा. कोकणात वरकस (डोंगरउताराची हलकी) जमीन बहुधा सामाईक असते. एका हिस्सा नंबरावर दहा-पंधरा नावे, त्यातली तीन मयत आणि वारस नोंद झालेली नाही, हे नेहमीचे चित्र आहे. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर ती जमीन एकत्र कुटुंबाची आहे आणि त्या एका माणसाची सही सगळ्या कुटुंबाची मानून चालणार नाही. ‘अ.पा.क.’ असेल तर मूळ नाव अज्ञानाचे, म्हणजे अल्पवयीनाचे होते. ते बाळ आता चाळिशीचे असू शकते.

मग ‘इतर अधिकार’ वाचा. बँकेचा बोजा, कुळाचे नाव, न्यायालयातल्या दाव्याची नोंद, पायवाटेचा हक्क, सगळे तिथे असते. त्यात ‘खाजगी वन’ किंवा वन कायद्याच्या कलम ३५ च्या नोटिशीची नोंद दिसली तर पुढे जाऊ नका. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ खाली अशा जमिनी ३० ऑगस्ट १९७५ पासून शासनाकडे गेलेल्या असू शकतात, आणि मग तुम्ही ज्याच्याशी करार करताय तो मालकच नसेल. आंबोली, गेळे, चौकुळ भागातल्या कबुलायतदार गावकर जमिनींचा (गावाने सामाईक धरलेल्या, मालकीचा वाद असलेल्या जमिनींचा) गुंताही असाच. तिथे वकिलाशिवाय पाऊल टाकू नये. देवराईचेही तेच. लोक ‘आमची देवराई’ म्हणतात, पण सातबाऱ्यावर देवस्थान, शासन किंवा वनखाते निघते. तिथे हा करार लागू पडत नाही, रस्ता वेगळा आहे.

हद्दीचे काय? गट नकाशा हद्द दाखवतो, पण जमिनीवर ती कुठे पडते ते सांगत नाही. मालक म्हणेल, “त्या पऱ्यापासून गडग्यापर्यंत.” (पऱ्या म्हणजे ओढा, गडगा म्हणजे दगड रचून केलेला बांध.) लगतचा खातेदारही तेच म्हणतोय का ते त्याच्या तोंडून ऐका. दोघांचे जुळले नाही तर ई-मोजणीवर अर्ज करून मोजणी करून घ्या आणि ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) फाइलला लावा. मोजणीला लगतधारकांना नोटीस जाते, त्यामुळे शेजाऱ्याला जे म्हणायचे आहे ते कराराआधीच बाहेर येते.

थांबा: सगळे सहहिस्सेदार सही करायला तयार नसतील तर ‘बाकीच्यांचे मी बघतो’ या शब्दावर करार करू नका. निम्मी भावकी मुंबईला असते. सह्यांसाठी गणपती, शिमगा किंवा मे महिना धरा. एरवी कुरिअरने कागद फिरवत वर्ष जाते.

## टप्पा २: कराराचे रूप आणि कलमे

जंगल विकत घ्यावे किंवा लांब मुदतीच्या भाड्याने घ्यावे, हा विचार सगळ्यांना येतो. सातबाऱ्यावर जमीन शेतीची असेल तर कूळकायद्याचे कलम ६३ आडवे येते. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकणे, बक्षीस देणे किंवा भाड्याने देणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय चालत नाही, आणि ट्रस्ट म्हणजे शेतकरी नव्हे. त्यामुळे बहुतेकांच्या हाती उरतो तो मोबदल्याचा साधा करार. तो सही करणाऱ्याला बांधतो. जमीन विकली गेली तर नव्या मालकाला तो आपोआप बांधत नाही. करार माहीत असूनही त्याने जमीन घेतली हे दाखवता आले तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४० चा आधार मिळू शकतो. म्हणून जंगलाच्या वाटेवर कराराचा ठळक फलक लावा, कराराची प्रत ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडे देऊन पोच घ्या. मसुदा मात्र वकिलाकडूनच. नोंदणी लागते की नाही हे तुमच्या कलमांवर ठरते. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केली म्हणजे झाले, असे समजू नका.

पाहणीच्या दृष्टीने तीन कलमे करारात असलीच पाहिजेत.

पहिले, काय चालेल. ‘जंगलाला हानी पोहोचवणार नाही’ हे वाक्य निरुपयोगी आहे. मालकाला तिथून काय लागते ते विचारून मोजमापासह लिहा: पडलेले सुके लाकूड, हिरडा-बेहडा गोळा करणे, गुरे चारणे, राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा (दाढ) भाजण्यासाठी, कवळ (पानांच्या फांद्या) तोडणे. कवळावर बहुतेक करार अडखळतात. भाताची दाढ भाजायला कवळ लागतेच, आणि सरसकट बंदी घातली तर ती पहिल्याच वर्षी मोडणार. कोणत्या भागातली झाडे कवळायची ती नकाशावर दाखवा, शेंडा ठेवायचा हे लिहा, आणि बाकी भाग न तोडता सोडा.

दुसरे, आत जाण्याचा हक्क. वर्षातून किती वेळा, किती दिवस आधी कळवून, सोबत कोण. वणवा लागला किंवा तोड सुरू असल्याची खबर आली तर लगेच जाता येईल, हे वेगळे लिहा.

तिसरे, पैसे कधी. वर्षाचा मोबदला त्या वर्षीची पाहणी झाल्यावर. सगळी रक्कम आगाऊ दिली की पाहणी हा उपचार होतो. कोणाच्या खात्यात किती, हे सगळ्या सहहिस्सेदारांच्या सहीने ठरवून घ्या. एकाच भावाच्या खात्यात पैसे जात राहिले की कुऱ्हाड दुसऱ्या भावाच्या हातात येते.

## टप्पा ३: बेसलाइन नोंद

बेसलाइन म्हणजे करार होताना जंगल कसे होते त्याची नोंद. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कसोटी सोपी आहे: आज संस्थेत असलेल्यांपैकी कोणीही नसेल, तेव्हा एखाद्या परक्या माणसाला ही फाइल घेऊन त्याच जागी उभे राहता आले पाहिजे आणि काय बदलले ते सांगता आले पाहिजे. बेसलाइन करारावर सही होण्याआधी पूर्ण करा आणि तिच्यावर मालकाचीही सही घ्या. ‘करार झाला, आता सवडीने नोंद करू’ म्हणणाऱ्यांच्या सवडीआधी लाकूडतोडीच्या ठेकेदाराचा टेम्पो येऊन जातो.

३.१ हद्दीचा फेरा. मालक आणि शक्य तर लगतचे खातेदार घेऊन हद्दीवरून पूर्ण चाला. प्रत्येक वळणावर मोबाइलवर स्थान नोंदवा आणि तिथे काय आहे ते लिहा: गडग्याचा कोपरा, पऱ्याचे वळण, कातळावरची खूण, जुना आंबा. दाट झाडीखाली मोबाइलचे स्थान दहा-पंधरा मीटर सहज हुकते, म्हणून नुसते आकडे पुरत नाहीत. गडगा हलत नाही.

तपासा: संगमेश्वराच्या बाजूला असाल तर अक्षांश १७ ने आणि रेखांश ७३ ने सुरू झाला पाहिजे. दोन्ही रकाने उलटे भरणे ही फार होणारी चूक आहे, आणि ती घरी बसून नकाशावर टाकल्याशिवाय कळत नाही. त्याच संध्याकाळी टाकून बघा.

३.२ फोटो पॉइंट. दोन हेक्टरला आठ ते दहा पुरे. जिथून बदल दिसेल अशाच जागा निवडा: वाट जंगलात शिरते ती जागा, पऱ्याकाठ, सड्याकडची (कातळाच्या पठाराकडची) कड, जुनी तोड असलेला भाग, मोठ्या झाडांचा घोळका. सुंदर दिसणाऱ्या जागा निवडण्याचा मोह आवरा. तोड होते ती गाडी पोहोचेल तिथे.

प्रत्येक पॉइंटवर जमिनीत चिऱ्याचा तुकडा पुरून त्यावर नंबर घाला. लाकडी खुंटी वाळवी दोन पावसांत संपवते. मोबाइल आडवा धरून, डोळ्याच्या उंचीवर, उत्तर-पूर्व-दक्षिण-पश्चिम या क्रमाने चार फोटो आणि एक डोक्यावरचा. पहिल्या फोटोत पॉइंटचा नंबर आणि तारीख लिहिलेली पाटी दिसू द्या. झूम करू नका.

थांबा: हे फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकून तिथूनच पुन्हा उतरवून फाइलला लावू नका. तिथे फोटो दाबला जातो आणि त्याच्या पोटातली वेळ-स्थानाची माहिती निघून जाते. पाठवायचेच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, आणि मूळ फाइली दोन ठिकाणी जपा. प्रकरण कोर्टात गेले तर डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते. मूळ फाइल नसेल तर ते कशाच्या जोरावर देणार?

३.३ झाडांची मोजणी. दोन हेक्टरमधले प्रत्येक झाड मोजायची गरज नाही. दोन गोष्टी करा. एक, २० बाय २० मीटरचे चार-पाच चौकोन आखून त्यातली ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त घेराची सगळी झाडे मोजा. दोन, चौकोनांबाहेरची जी झाडे जंगलाचा कणा आहेत त्यांची स्वतंत्र यादी करा: ढोली असलेले जुने बेहडे, जिथे धनेश घरटे करतो, मोठे आंबे, उंबर, पऱ्याकाठचे अर्जुन.

घेर छातीइतक्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यायचा. उतारावर वरच्या बाजूला उभे राहून उंची धरा, खालच्या बाजूने धरली तर त्याच झाडाचा घेर वेगळा येतो. बुंध्याला पाखे (फळीसारखी पसरलेली मुळे) असतील तर त्यांच्या वर मोजा आणि किती उंचीवर मोजले ते लिहा. टेप वेलीवरून जाऊ देऊ नका. वेल बाजूला करा, तोडू नका. स्थानिक नावे लिहायला हरकत नाही, पण गावागावात ती बदलतात, म्हणून पानाचा आणि सालीचा एक फोटो जोडा.

थांबा: झाडांवर लाल पट्टा मारू नका. तोडीसाठी झाडे नोंदवतानाही रंगाच्या खुणा करतात. तुमचा लाल पट्टा बघून कोणाला काय वाटेल सांगता येत नाही. पिवळा किंवा पांढरा बारीक नंबर, मालकाला दाखवून.

३.४ आधीचे घाव. करारापूर्वीची तोड, जुने बुंधे, जळालेला पट्टा, जुनी चिरेखाण, गाडीवाट, हे सगळे लिहा. लोक हे टाळतात, कारण मालकाला बरे वाटत नाही. पण हे मालकाच्याच फायद्याचे आहे: जुना बुंधा नोंदलेला असेल तर पुढे त्याच्यावर आळ येत नाही. बुंध्यांना नंबर द्या, घेर मोजा, फुटवे किती उंच आहेत ते लिहा.

३.५ सह्या. नकाशा, फोटोंची यादी, मोजणीचे तक्ते आणि ‘नोंद बरोबर आहे’ असे एक वाक्य. प्रत्येक पानावर मालकांच्या आणि संस्थेच्या सह्या. एक प्रत मालकाच्या घरी राहिली पाहिजे. संस्थेने ही प्रत दिली नाही तर वादात तिची नोंद एकतर्फी दिसते.

## टप्पा ४: वार्षिक पाहणीची तयारी

महिना ठरवा आणि तो बदलू नका. ऐनाची पाने फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये झडतात. एका वर्षीचा फोटो ऑक्टोबरचा आणि पुढचा मार्चचा असेल तर जंगल निम्मे झाल्यासारखे दिसते, किंवा उलट, खरी तोड पानगळीत लपून जाते. मुख्य पाहणी दिवाळीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबरात. पाऊस संपून गाड्या फिरू लागतात, तोडीचा हंगाम सुरू होतो, आणि हिरवळीत ताजा बुंधा लगेच डोळ्यात भरतो. हाताशी माणसे असतील तर मेमध्ये दुसरी, छोटी फेरी मारा. ती वणव्याचा पट्टा आणि हद्द बघण्यापुरती.

जाण्याच्या आदल्या आठवड्यात हे उरका:

- मालकाला कराराप्रमाणे कळवा, फोन केला तरी मेसेजही टाका.
- मागच्या वर्षीचे फोटो कागदावर छापून घ्या, प्रत्येक पॉइंटचे एक पान. मोबाइलच्या पडद्यावर उन्हात तुलना होत नाही.
- मागच्या अहवालात ‘पुढच्या वर्षी बघावे’ असे काय लिहिले होते ते वेगळ्या चिठ्ठीवर काढा.
- नासाच्या ‘फर्म्स’ या मोफत संकेतस्थळावर मागच्या फेब्रुवारी ते मेमधल्या आगीच्या खुणा बघा. एक खूण साधारण पावणेचारशे मीटरच्या चौकोनाची असते आणि जमिनीलगतची लहान आग तिथे उमटेलच असे नाही. खूण नाही म्हणजे वणवा नाही, असा अर्थ घेऊ नका.
- सेंटिनेल-२ ची चित्रे मोफत मिळतात. मोठी सफाई, नवी गाडीवाट, काजूसाठी मोकळा केलेला तुकडा त्यात दिसतो. दहा मीटरच्या ठिपक्यात एकटे झाड दिसत नाही, आणि जून ते सप्टेंबरमधली बहुतेक चित्रे ढगांची.

सोबत टेप, होकायंत्र, पाटी, छापील तक्ते, दोन पेन्सिली (पेन घामाने आणि दवाने दगा देतो), पॉवर बँक. पायात घोट्याच्या वर जाणारे बूट. सड्यावर आणि कातळात फुरसे असते आणि ते पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. दोडामार्ग-सावंतवाडीकडे जाणाऱ्यांनी माकडतापामुळे गोचिडांची काळजी घ्यावी: पूर्ण बाह्या, आल्यावर अंघोळ. एकट्याने जाऊ नये.

## टप्पा ५: पाहणीचा दिवस

१. आधी मालकाच्या घरी. चहा घेताना विचारा: वर्षभरात जंगलात कोण आले, काय लागले, शेजारी काय चालले आहे, कोणी जमीन विचारायला आले का. शेवटचा प्रश्न विसरू नका. विक्रीची खबर सहसा इथेच, बोलता बोलता लागते.

२. मग हद्द, पूर्ण. जंगल बाहेरून आत खाल्ले जाते, आणि शेजाऱ्याची काजूची लागवड दरवर्षी दोन-दोन मीटर आत सरकत असेल तर ते मधल्या चौकोनात कधीच दिसणार नाही.

३. फोटो पॉइंट, गेल्या वर्षीचे पान हातात धरून. आधी छापील फोटोतली झाडे समोर ओळखून घ्या, मग क्लिक करा. पॉइंटसमोर झुडूप वाढले म्हणून चार पावले सरकू नका. झुडूप वाढले, ही देखील नोंद आहे.

४. कण्याच्या झाडांची यादी. प्रत्येक झाडापाशी प्रत्यक्ष जा. घेर दरवर्षी मोजायची गरज नाही, तीन वर्षांतून एकदा पुरे. दरवर्षी बघायचे ते जिवंत आहे का, सालीला घाव आहे का, बुंध्याशी आग लावली आहे का. झाड ‘आपोआप’ वाळावे म्हणून साल गोल काढून ठेवतात, ते लांबून दिसत नाही.

५. जे नवे दिसेल ते तिथेच, त्याच मिनिटाला लिहा.

या पाचव्या कामात तक्ते बिघडतात. एकाच घटनेच्या दोन नोंदी बघा.

*वाईट:* ‘जंगलाची स्थिती समाधानकारक. पऱ्याच्या बाजूला किरकोळ तोड आढळली.’

*चांगली:* ‘फोटो पॉइंट ४ पासून पूर्वेला ३० पावले. ऐन, बुंध्याचा घेर ११२ सेमी, जमिनीपासून २० सेमीवर करवतीने कापलेला. कापलेली बाजू काळवंडलेली, फुटवे गुडघ्याइतके. खोड जागेवर नाही, फांद्या आहेत, वाळलेल्या. बुंधा नंबर बु-७. फोटो ४१ ते ४४. बेसलाइनमध्ये नाही.’

दुसऱ्या नोंदीतून किती निघते ते पाहा. करवत, म्हणजे घरी जाळायला कोणी घाईत कुऱ्हाड चालवलेली नाही. खोड नेले आणि फांद्या टाकल्या, म्हणजे लाकूड हवे होते, जळण नव्हे. गुडघ्याइतके फुटवे, म्हणजे मध्ये एक पावसाळा गेला असावा, तोड बहुधा मागच्या उन्हाळ्यातली. मात्र हे तर्क नोंदीत मिसळू नका. दिसले ते डाव्या रकान्यात, वाटले ते उजव्या.

थांबा: कोणी तोडले हे जंगलात उभे राहून ठरवू नका आणि मालकाशी तिथे वाद घालू नका. “चुलत्याने तोडलान, मला काय म्हायती?” हे खरे असू शकते. चुलत्याची सही करारावर आहे का, हा प्रश्न घरी परतल्यावर.

## टप्पा ६: अहवाल

आठवड्याच्या आत. त्यानंतर ‘पश्चिमेकडचा तो मोठा दगड’ कोणता होता हे कोणालाच आठवत नाही. दोन पाने पुरतात: कोण गेले, कधी, किती वेळ, कोणत्या वाटेने, कराराच्या प्रत्येक कलमापुढे पाळले, पाळले नाही किंवा बघता आले नाही, नव्या नोंदी, पुढच्या वर्षी काय बघायचे. ‘बघता आले नाही’ हा रकाना प्रामाणिकपणे भरा. पऱ्याला पाणी होते म्हणून पलीकडे गेलो नाही, तर तसे लिहा.

मालकाला वाचून दाखवा, त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत खाली लिहा, सही घ्या. पटले नाही म्हणून सही देत नसेल तर तसे लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या. मोबदल्याचा चेक याच्यानंतर.

## टप्पा ७: करार मोडला गेल्याचे दिसले तर

घाईत तक्रार किंवा संकोचाने गप्प बसणे, यातले एक हमखास होते. क्रम असा ठेवा.

१. पुन्हा जाऊन खात्री. दुसऱ्या माणसाने, बेसलाइन हातात घेऊन. तोडलेले झाड आपल्या हद्दीत आहे ना? गडग्यापलीकडचे निघाले तर तो विषय शेजाऱ्याचा.

२. कलम शोधा. करारात मना केलेले नेमके काय झाले? कलमच सापडत नसेल तर तो करारातला दोष आहे. पुढच्या वेळी सुधारा, मालकाला धरू नका.

३. मालकाशी बोलणे, समोरासमोर. बहुतेक प्रकरणे इथेच मिटतात: लग्नाला पैसे हवे होते, घराला वासा हवा होता. ठरले ते कागदावर आणा: किती रोपे, कुठे, किती वर्षे जगवायची, मोबदल्यातून किती वजा.

४. पंचनामा आणि लेखी नोटीस. बोलणे फिसकटले किंवा तोड मोठी असेल तर. पोलीस पाटील किंवा ग्रामपंचायत सदस्य पंच म्हणून असले तर बरे. बुंधे मोजून, नंबर टाकून, फोटो काढून. नोटीस नोंदणीसह स्पीड पोस्टाने, करारातल्या प्रत्येक सहीदाराला.

५. कायदा मोडला असेल तर वनखाते. खासगी जमिनीवरचीही साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, आंबा, फणस अशी अनुसूचित झाडे तोडायला वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ खाली परवानगी लागते. तोड चालू असेल तर पायऱ्या १ ते ४ ची वाट पाहत बसू नका: वनरक्षक, परिक्षेत्र कार्यालय, नाहीतर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक. गाडी स्वतः अडवायला जाऊ नका, तिचा नंबर टिपा.

तपासा: परवानगी काढून तोड झाली असेल तर कायदा मोडलेला नाही, पण करार मोडलेला असू शकतो. तक्रार कुठे करायची हे त्यावर ठरते.

वणवा हे उल्लंघन आहे का? मालकाने स्वतःची दाढ भाजताना आग सोडली असेल तर आहे, सड्यावरून आली असेल तर नाही. हा वाद टाळायचा तर जानेवारीअखेर वरच्या कडेने जाळरेषा काढणे कोणाचे काम आणि मजुरी कोणाची, हे करारातच लिहा.

## टप्पा ८: मालक बदलला, मुदत संपली

दर पाहणीआधी ताजा सातबारा काढा. नवा फेरफार दिसला तर आधी तो वाचा, मग जंगलात जा. मालक वारला असेल तर वारसांना भेटून करार आणि बेसलाइनची प्रत द्या आणि त्यांच्या सह्यांचे जोडपत्र करा. जमीन विकली गेली असेल तर पहिल्या महिन्यातच नव्या मालकाची गाठ घ्या, कागद दाखवा आणि नवा करार मागा. जुन्या करारावर हक्क सांगायचा की नाही हे वकिलाने ठरवू द्या.

मुदत संपायच्या वर्षी बेसलाइन पूर्ण नव्याने करा: सगळे चौकोन, सगळे घेर. जुन्याशी तुलना मालकाला तक्त्यात दाखवा. नव्या कराराचा मोबदला ठरवताना तीच समोर ठेवायची. ही बोलणी शेवटच्या वर्षीच्या गणपतीत, भावकी जमलेली असताना सुरू करा. मुदत कधी संपते ते ठेकेदारालाही माहीत असते.